बहिऱ्याचा पाणवठा

मला त्या आडोशातून बाहेर काढलं, तेव्हा आपल्या हातून काय चुकलं हेही मला कळलं नव्हतं.

डांगच्या बाजूच्या जंगलात एक छोटं पाणी होतं. मोरीएवढं डबकं, भोवती ओले दगड आणि वर झुकलेल्या वेली. एका बाजूला हिरव्या जाळीचा आडोसा उभा केलेला. त्याला सगळे हाइड म्हणत. आत प्लास्टिकची स्टुलं मांडलेली आणि जाळीच्या भोकांतून बाहेर डोकावणाऱ्या कॅमेऱ्यांच्या नळ्या. सुरतेतल्या पक्षी बघणाऱ्या एका ग्रुपबरोबर मी गेलो होतो. उन्हाळ्याची दुपार कलली होती. बराच वेळ काही आलं नाही. मग समोरच्या वेलीवरून एक पांढरी रेघ सरकली. स्वर्गीय नर्तक, नर, शेपटीच्या दोन लांब फिती मागे सोडून पाण्याकडे उतरत होता. पुस्तकात पाहिलेला पक्षी मी पहिल्यांदा खराखुरा पाहत होतो. शेजारच्या माणसाला मी अगदी हळू, ओठांतल्या ओठांत म्हणालो, "आला."

निदान मला तसं वाटलं.

पक्षी गेला. आडोशातल्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. ग्रुप चालवणारे गृहस्थ, ज्यांना सगळे सर म्हणत, वाकून माझ्यासमोर आले आणि ओठ मला नीट दिसावेत अशा बेताने बोलले, "काका, आ जंगल छे, कारखानुं नथी."

बाकीचे हसले. हसणं ऐकू आलं नाही तरी दिसतं. खांदे हलतात.

मग सरांनी मोबाइलवर दोन ओळी लिहून माझ्यासमोर धरल्या. तुमचा आवाज फार मोठा आहे, थोडा वेळ गाडीत बसाल का, प्लीज. माणूस वाईट नव्हता. प्लीज लिहायला विसरला नाही. मी कॅमेरा उचलला आणि गाडीत जाऊन बसलो. सीट तापलेली होती. संध्याकाळी सगळे परत आले तेव्हा एकमेकांना कॅमेऱ्याच्या मागचे पडदे दाखवत होते. तो नर पुन्हा येऊन गेला होता, मी नसताना.

त्यानंतर ग्रुपमधून मला काढलं. तेही गोड शब्दांत. जंगलात ऐकू न येणाऱ्या माणसाची जबाबदारी घेणं अवघड असतं, तुमच्याच काळजीपोटी, वगैरे.

माझे कान लूमने खाल्ले. खानदेशातून सुरतेला आलो तेव्हा मिसरूड फुटत होतं. बमरोलीच्या एका खात्यात लागलो. सुरतेत लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, कारखान्याला खातं म्हणतात. आत पाऊल टाकलं की पहिल्या दिवशी वाटतं, डोक्यात कोणीतरी पत्रे बडवतंय. आठवड्याभरात त्याची सवय होते, आणि सवय झाली याचा आपल्याला आनंदही होतो. सवय झाली नव्हती, कान मरायला लागले होते, हे कोण सांगणार? सांगणाऱ्यालाही ऐकू येत नव्हतं.

जाताना कान एकदम जात नाहीत. आधी बारीक आवाज जातात. लिंबायतात आमच्या गल्लीच्या तोंडाशी कडुनिंब आहे. त्यावर दर उन्हाळ्यात कोकीळ ओरडायचा. एका वर्षी मी बायकोला म्हणालो, "यंदा कोकीळ आला नाही." ती माझ्याकडे बघत राहिली. कोकीळ त्याच क्षणी ओरडत होता. पुढे कुकरची शिट्टी गेली, दारावरची बेल गेली. स्वतःचा आवाज कमी ऐकू यायला लागला तसा मी तो वाढवत गेलो. घरात साधं मीठ मागितलं तरी शेजारी विचारायचे, भांडण झालं का?

कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं, गेलेलं परत येणार नाही. मशीन लावून पाहिलं. त्याने रिक्षांचे हॉर्न वाढले, माणसं काही वाढली नाहीत. ते डबीत ठेवून दिलं. खातं सोडून मी लूमचे सुटे भाग दुरुस्त करण्याचं छोटं दुकान टाकलं. आमच्या गल्लीतला फोटो स्टुडिओ बंद झाला तेव्हा त्या माणसाने जाताना आपला जुना कॅमेरा आणि एक लांब लेन्स माझ्या हातात ठेवली. म्हणाला, तुला यंत्रं कळतात, तू सांभाळ. सांभाळता सांभाळता मी त्यातून बघायला लागलो. पहिल्यांदा गल्लीतल्या तारेवरच्या चिमण्या, मग खाडीकाठचे बगळे. कॅमेऱ्यातून बघताना काही ऐकावं लागत नाही. डोळा आणि बोट पुरतं. गेल्या कित्येक वर्षांत कुठल्याच गोष्टीत मला असं वाटलं नव्हतं की इथे मी पुरेसा आहे.

म्हणून त्या दिवशी गाडीत बसवलं ते मला फार लागलं.

घरी आलो तेव्हा बायको साड्यांचे धागे कापत बसली होती. माझं तोंड बघून तिने कात्री खाली ठेवली. "काय व्हयनं? तोंड का बरं असं करेल शे?" आमच्या घरात अहिराणीच चालते, आणि तिचे ओठ मी अंधारातसुद्धा वाचू शकतो.

मी सगळं सांगितलं. कॅमेरा विकून टाकतो म्हणालो. पक्षी बघणं म्हणजे निम्मं ऐकणं असतं, त्यांचं बरोबर आहे, म्हणालो.

ती उठली, पाणी प्यायली आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "तुमना कान गयात. डोया तं शेतस ना?" मग म्हणाली, "त्यासनं पानी त्यासले ऱ्हाऊ द्या. आपन आपलं पानी करूत."

आपलं पाणी करायचं. जणू अंगणात चूल मांडायची आहे.

तिच्या डोक्यात जागा आधीपासून होती. बांबूच्या टोपल्या विकायला एक म्हातारी बाई आमच्या गल्लीत वर्षानुवर्षं येत असे. मांडवीच्या पुढे, जंगलाला लागून तिचं शेत होतं. बायको तिला माशी म्हणायची, म्हणजे मावशी, आणि ती बायकोला बेन. दुपारी आमच्याच ओट्यावर भाकरी खाऊन ती परत फिरायची. पुढच्या खेपेला ती आली तेव्हा बायकोने विचारलं, तुझ्या शेतात कुठे पाझर आहे का?

"छे," माशी म्हणाली, म्हणजे आहे. "उंबराखाली. पण गाळ भराई गयो छे. अने डुक्कर आवे छे."

आम्ही एसटीने गेलो, पुढे जीपने, पुढे पायी. शेताच्या शेवटच्या बांधाला एक जुना उंबर होता आणि त्याच्या पलीकडे सागाचं आणि बांबूचं जंगल सुरू होत होतं. उंबराच्या मुळांतून पाणी झिरपत होतं, पण ते काळ्या चिखलात आणि कुजलेल्या पानांत मुरून जात होतं. माशीने एकच अट घातली. टोळकं आणायचं नाही. "तमे बे आवो. बस." तुम्ही दोघं या, एवढंच. बदल्यात काय द्यायचं विचारलं तर तिने आमच्या पिशवीतल्या कापडाला हात लावून पाहिला. प्रिंट बिघडलेल्या साड्यांचं कापड होतं ते, गिरणीतून टाकून दिलेलं. तिच्या भाजीच्या वाफ्यांवर सावली करायला तिला ते हवं होतं. अर्धं तिने घेतलं, अर्ध्याचा आम्ही आडोसा केला. हिरव्या कापडावर रंग फुटून पसरलेली पानं होती. दुकानात ज्याला कोणी हात लावला नसता ते कापड जंगलात असं मिसळून गेलं की परत येताना मला ते शोधावं लागलं.

गाळ काढायला कित्येक फेऱ्या गेल्या. मी खणायचो, बायको घमेलं भरून बांधावर टाकायची. सिमेंट वापरायचं नाही असं आम्ही ठरवलं होतं. ओढ्यातले चपटे दगड आणून एका बाजूला उतार केला, म्हणजे लहान पक्ष्याला पाय टेकवत आत शिरता यावं. खोल नाही, बोटभर पाणी. कमरेत कळा यायच्या. परत येताना जीपमध्ये ती माझ्या खांद्यावर झोपायची आणि तिच्या नखांत चिखल असायचा.

लिंबायतात याची चर्चा झाली नसती तरच नवल. नवरा-बायको दोघंच पिशव्या घेऊन जंगलात जातात म्हटल्यावर लोकांना आणखी काय लागतं. नळावर एकीने बायकोला विचारलं, या वयात हनिमून का गं? बायको म्हणाली, "हो. तुला नाही नेत का तुझा?" हे तिनेच मला घरी येऊन सांगितलं, आणि सांगताना तिचे डोळे चमकत होते.

मुलाला मात्र ते सहन होईना. तो कापड मार्केटमध्ये एका ऑफिसात आहे. बाहेर गुजराती बोलतो, घरात हिंदी मिसळतो, अहिराणी फक्त आईशी.

"पप्पा, लोक काय काय बोलतात तुम्हाला माहीत आहे?"

"नाही," मी म्हणालो. "मला ऐकू येत नाही."

"मजाक नाही करत मी. तुम्ही मशीन लावा, दुकानात बसा, आराम करा. जंगलात काही झालं तर? मागून काही आलं तर तुम्हाला कळणारसुद्धा नाही."

"तुझी आई बरोबर असते."

"आई काय करणार?"

बायको आतून पोळपाट घेऊन आली आणि त्याच्याकडे नुसतं बघितलं. त्याने विषय बदलला.

पाणी झालं, आडोसा झाला, तरी खरी अडचण माझी होती. माझा आवाज. मला तो ऐकू येत नाही, म्हणून तो कधी निसटतो ते कळत नाही. पहिल्या काही बैठकांत मी दर वेळी काहीतरी बोलून बसलो आणि बायकोने कपाळाला हात लावला. मग तिने एक उपाय काढला. आडोशात शिरलं की माझ्या तोंडात एक लवंग ठेवायची. लवंग दाताखाली धरली की बोलायला जीभ उचलत नाही. अजून मी तेच करतो. हसणाऱ्यांनी हसावं.

आणि बोलायची गरजही उरली नाही. खात्यात आम्ही सगळे हातांनी बोलायचो. त्या आवाजात दुसरा मार्गच नव्हता. धागा तुटला की दोन बोटांची कात्री, मास्तरला बोलवायचं तर कपाळावर टोपीचा हात, चहा म्हणजे ओठाला अंगठा, माल खराब निघाला की दोन्ही तळवे उलटे. कान गेल्यावर हीच भाषा मी घरी आणली होती आणि बायको ती माझ्यापेक्षा भराभर बोलायला लागली होती. आडोशात तिने त्यात पक्ष्यांच्या नवीन खुणा घातल्या. चष्मेवाल्यासाठी डोळ्याभोवती बोटाचं गोल. केशरी डोक्याच्या कस्तुरासाठी कपाळावर हळदीचं बोट. स्वर्गीय नर्तकासाठी ती आपली वेणी पुढे ओढून लांब करून दाखवायची. नवरंगासाठी साडीचा काठ चिमटीत धरायची, कारण सगळे रंग एकाच ठिकाणी असतात. तिला पक्षी आधी ऐकू यायचा. ती माझ्या गुडघ्यावर बोटाने दिशा ओढायची, मी लेन्स तिकडे वळवायचो. मग पक्षी यायचा.

म्हणजे पुढे पुढे यायचा. सुरुवातीला काहीच आलं नाही. एकदा डुकरांनी सगळा उतार उकरून टाकला आणि आम्ही पुन्हा दगड लावले. एकदा दिवसभर बसून फक्त एक खार पाणी पिऊन गेली. त्या दिवशी परतताना मी म्हणालो, जागा चुकली आपली. पुढच्या वेळी बायकोने जास्त भाकरी बांधून घेतल्या.

पहिले आले ते चष्मेवाले. एप्रिलची दुपार होती, उंबराची सावली पाण्यावर पोचली होती आणि पिवळट हिरव्या पक्ष्यांचा एक थवा पानांतून गळून पडावा तसा खाली आला. दगडांवर जागा नव्हती इतके होते. एक पाण्यात बसला की दुसरा त्याला ढकलायचा. पाणी उडत होतं, पंख फडफडत होते, आणि हे सगळं माझ्यासाठी पूर्ण शांततेत चाललं होतं. मी बटण दाबायचं विसरलो. बायकोने माझ्या कोपराला धक्का दिला तेव्हा बोट हललं.

त्यानंतर दर खेपेला काही ना काही. निळा माशीमार, अंगठ्याएवढा, पाण्यावरून नुसता झपकन जायचा. पाचू कवडा जमिनीवरून चालत यायचा, हिरवे पंख मिटून. कस्तूर पोट भिजेपर्यंत आंघोळ करायचा आणि मग फांदीवर बसून स्वतःकडे असा बघायचा, जणू आपण कोणाचे कपडे घातलेत असा त्याला प्रश्न पडला आहे. मी त्यांचे फोटो काढत होतो. बरेच हललेले, काही अंधारे. पण माझे होते.

एका संध्याकाळी शामा आला. काळा, पोटाला तांबूस, लांब शेपटीचा. पाणी पिऊन तो उंबराच्या खालच्या फांदीवर बसला आणि त्याचा गळा हलायला लागला. बायकोने माझा हात धरला आणि तशीच बसून राहिली. शामा गातो हे मी वाचलं होतं. सगळ्या जंगलात त्याच्यासारखं कोणी गात नाही, असं लिहिलेलं होतं. तो गात होता आणि माझ्यापर्यंत त्यातलं काही पोचत नव्हतं. गळ्यावरची पिसं हलताना दिसत होती तेवढीच.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "कसं होतं?"

तिने माझा तळवा उघडला आणि त्यावर बोट फिरवायला लागली. वर नेलं, थांबवलं, गिरक्या घेत खाली आणलं, मग एकदम दोन टिचक्या. पुन्हा वर. मला हसू आलं, तिला रडू. मी म्हणालो, रडतेस कशाला, मला ते गाणं नको होतं. मला तो पक्षी हवा होता आणि तो माझ्यासमोर बसून पाणी पिऊन गेला. हे मी तिच्या समाधानासाठी म्हणालो नव्हतो. खरंच तसं वाटत होतं. जे गेलं त्याचा हिशोब मी किती वर्षं मांडत बसू?

मुलाने त्या शामाचा फोटो आपल्या मोबाइलवर स्टेटस म्हणून ठेवला. मला न विचारता. कोणी तो पुढे पाठवला, पुढच्याने आणखी पुढे, आणि एक दिवस सरांचा मुलाला फोन आला. ही जागा कुठली? काकांना मी ओळखतो. आमच्याबरोबर आले होते ते.

मी नको म्हणालो. बायको म्हणाली, "येऊ द्या. पानी काय आपलं एकलानं शे?" तिने माशीला विचारलं. माशी म्हणाली, थोडे असतील तर चालतील, एकदाच.

सर दोन पाहुण्यांना घेऊन आले. पाहुण्यांच्या लेन्स माझ्या हातापेक्षा लांब होत्या. सरांनी मला मिठी मारली, बायकोला नमस्कार केला, दगडांचा उतार बघून मान डोलावली. मागचं काही काढलं नाही. मीही काढलं नाही. पावसाळा तोंडावर आला होता आणि नवरंग नुकते येऊन पोचले होते. आडोशात आम्ही पाच जण दाटीवाटीने बसलो. मी दाताखाली लवंग धरली.

थोड्या वेळाने नवरंग आला. आला म्हणजे धावतच आला. हिरवा, निळा, पोटाला लाल, डोळ्यावर काळी पट्टी. उजेडही चांगला होता. मी भराभर बटण दाबत होतो. इतक्यात बायकोने माझं मनगट पकडलं, घट्ट. मी वळून पाहिलं. तिने हाताची चोच करून उघडमीट केली, मग एका दगडाकडे बोट दाखवलं, मग दोन्ही तळवे उलटे केले. खराब माल. खोटं. दगडामागे एक छोटा काळा स्पीकर होता. सरांनी तो केव्हा ठेवला ते मला दिसलं नव्हतं. तिने ओठ हलवले, "हाऊ आवाज खोटा शे. मोबाईलमझारला."

मी पुन्हा लेन्सला डोळा लावला. आता मला वेगळंच दिसलं. नवरंग पाण्याकडे बघतच नव्हता. तो दगडाभोवती फिरत होता, ताठ होऊन चोच वर करत होता, उत्तर देत होता, पुन्हा दगडामागे धावत होता. तिथे कोणी नव्हतं. आपल्या जागेत कोणीतरी दुसरा नर शिरलाय असं त्याला वाटत होतं आणि तो दुसरा काही सापडत नव्हता. पाणी समोर असून त्याने एक थेंब घेतला नाही. पाहुणे खूश होते. त्यांची बोटं थांबत नव्हती.

मी सरांना खूण केली, बंद करा. त्यांनी हसून अंगठा वर केला. छान चाललंय.

मी लवंग थुंकली, कापड बाजूला केलं आणि बाहेर जाऊन पाण्यासमोर उभा राहिलो. कॅमेऱ्यांकडे तोंड करून. नवरंग बांबूत निघून गेला. स्पीकर बंद कसा करतात मला माहीत नव्हतं, म्हणून मी तो खांद्यावरच्या पंच्यात गुंडाळला आणि बाहेर आलेल्या सरांच्या हातात ठेवला.

"काका, बेच मिनिटांचं काम होतं," सर म्हणाले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. "सगळीकडे करतात हे. पक्ष्याला काही होत नाही."

"नसेल होत. मला त्यातलं शास्त्र कळत नाही. पण इथे नाही करायचं."

"पण का?"

"हे पाणी आहे. इथे यायला त्याला तहान पुरे."

माझा आवाज किती मोठा होता कोण जाणे. माशी शेतातून बघायला आली. पाहुण्यांपैकी एकाने कॅमेरा पिशवीत भरायला घेतला. सर समजुतीच्या सुरात आले. म्हणाले, जागा सोन्यासारखी आहे. मी नीट हाइड बांधून देतो, दर रविवारी माणसं आणतो, फांद्यांवर फुलं बांधू, किडे ठेवू, तुमचं नाव होईल. माशीने माझ्याकडे पाहून मान हलवली. मी नाही म्हणालो.

तेव्हा ते म्हणाले, "काका, तुम्हाला तो आवाज ऐकूही येत नाही. मग तुम्हाला त्रास कसला?"

त्यांचे ओठ मी चुकीचे वाचले असं मला क्षणभर वाटलं. उत्तर बायकोने दिलं. ती आडोशातून बाहेर आली, पदर खोचला आणि त्यांच्यासमोर उभी राहिली.

"माले ऐकू येस ना," ती म्हणाली.

सरांना अहिराणी कळत नव्हती. पण तेवढं कळलं. ते तिघं गेले.

सुरतेत पक्षी बघणाऱ्यांमध्ये आता माझं नाव आहे. हेकट म्हातारा. कोणाकडून तरी मुलाच्या कानावर आलं आणि तो चिडून घरी आला, या वेळी त्यांच्यावर. मी म्हणालो, बरोबरच बोलतात. खात्यात हो हो करत माझे कान गेले. आता नाही म्हणायला लागलोय तर थोडं म्हणू द्या.

पुढच्या उन्हाळ्यात पाझर बारीक झाला. आमच्या बोटभर पाण्याचं नखभर झालं. माशीच्या हातपंपावरून आम्ही कॅन भरून आणायला लागलो. बांधावरून कॅन घेऊन चालताना बायकोचा गुडघा सुजायचा. ते बघून मुलगा एकदा ऑफिसातल्या मित्राची गाडी घेऊन स्वतः आला. सगळे कॅन त्याने वाहिले. पांढरे बूट घालून आला होता, त्यांना चिखल लागला तसा तो पुटपुटत राहिला. काय ते मला कळलं नाही.

"पप्पा, हे कुठपर्यंत चालणार?"

"पाय चालतील तोवर."

"आणि मग?"

"मग तू कॅन आणशील, मी खुर्चीत बसेन."

त्याने हात जोडले. पाणी ओतून झाल्यावर तो आडोशात आमच्याबरोबर बसला. आईने त्यालाही लवंग दिली. त्याने ती चावून खाल्ली. थोडा वेळ मोबाइल बघितला, तिथे रेंज नव्हती, मग पाय पसरून कापडाखालून बाहेर काढले आणि तसाच झोपला. तोंड उघडं. घोरत होता का, मला सांगता येणार नाही. बायको तोंडावर पदर धरून हसत होती, म्हणजे घोरत असावा.

तेवढ्यात बांबूतून पाचू कवडा चालत आला. घोरण्याची त्याने पर्वा केली नाही. पाण्याकडे जाता जाता मुलाच्या बुटाजवळ थांबला, बुटाकडे एका डोळ्याने पाहिलं, नाडीला हलकेच चोच लावली आणि पुढे जाऊन नव्याने ओतलेलं पाणी प्यायला.

तो फोटो दुकानात माझ्या बाकाच्या वर लावला आहे. हिरवे पंख, लाल चोच, आणि कोपऱ्यात पांढरा धूसर बूट. बूट कापून टाका, फोटो सुंदर होईल, असं येणारे-जाणारे सांगतात. मी कापत नाही.

मुलगा जागा झाला तेव्हा डोळे चोळत त्याने विचारलं होतं, "काही आलं का?"

"नाही," त्याच्या बुटाच्या नाडीकडे बघत मी म्हणालो होतो, मोठ्याने.